दार उघडताना हसणारी बाई

शकूताई दात्यांना तुम्ही ओळखत नसाल, पण पाहिलेलं नक्की आहे. बँकेत मुदतठेवीच्या खिडकीजवळ जी चष्मेवाली आजी भिंतीवरून तुमच्याकडे बघत असते, ती बहुतेक शकूताई. गुडघेदुखीच्या तेलाच्या खोक्यावर गुडघा धरून बसलेली, पण डोळ्यांत ‘मला काय धाड भरलीय’ असा भाव असलेली बाई, तीही शकूताईच. एका परदेशी माहितीपत्रकात तर त्या कानाला यंत्र लावून भलत्याच आनंदी झाल्या होत्या. प्रत्यक्षात त्यांचे कान इतके तिखट, की खालच्या मजल्यावर कोणी त्यांचं नाव काढलं तर वरच्या मजल्यावरून उत्तर यायचं.

हे सगळे फोटो मी काढलेले. मी मूळचा अमरावतीकडचा. सदाशिव पेठेत एका भाड्याच्या गाळ्यात माझा फोटो स्टुडिओ होता. पुण्यात जन्म गेला, तरी अजून माझ्या तोंडून ‘काय करून राहिले?’ निघालं की समोरचा पुणेकर चष्म्याच्या वरून बघतो. मी त्याची सवय करून घेतली आहे.

स्टॉक फोटो म्हणजे काय, हे मला आजही कोणा ना कोणाला समजावून सांगावं लागतं, तर इथेही सांगतो. लग्नाचा फोटो लग्नघरच्यांनी सांगितल्यावर काढायचा असतो. स्टॉक फोटो कोणी सांगितलेला नसतो. आपण आपल्या मनानं काढायचा, इंटरनेटवरच्या एका मोठ्या दुकानात नेऊन ठेवायचा आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची. गिऱ्हाईक जर्मनीचं असेल, नाहीतर नागपूरचं. त्याला जाहिरातीत, पुस्तकात, औषधाच्या खोक्यावर लावायला चित्र हवं असतं. ते थोडे पैसे भरतं आणि फोटो उतरवून घेतं. तोच फोटो उद्या दुसरा घेतो, परवा तिसरा. माझी बायको म्हणायची, “म्हणजे एकच पोळी दहा जणांना वाढायची आणि ती आपल्या डब्यात तशीच.” याहून सोपं मला सांगता येणार नाही.

पण आधी मी हा धंदा करत नव्हतो. माझा चरितार्थ व्हिसाच्या फोटोंवर चालायचा. देश खुला झाला, कॉम्प्युटरवाल्यांना तिकडून बोलावणी यायला लागली, आणि पेठेतल्या घराघरातली मुलं माझ्या स्टुलावर येऊन बसू लागली. मागे पांढरा पडदा, मान सरळ, कान दिसले पाहिजेत आणि दात दिसता कामा नयेत. मुलगा स्टुलावर बसायचा आणि आई माझ्या पाठीमागे उभी राहायची. शकूताई त्यांच्या मंदारला घेऊन आल्या तेव्हा मला कॅमेऱ्यात बघूच देईनात. “मंदार, कॉलर. मंदार, केस. अहो वानखडे, हसू दे की त्याला जरा. तिकडे कोणी हसत नाही का?”

“हसला तर फोटो घेत नाहीत, शकूताई.”

“मग हस रे चांगला,” त्या मंदारला म्हणाल्या, आणि आपल्याच विनोदावर हसल्या. मंदार हसला नाही. मी बटण दाबलं. फोटो नियमात बसला आणि मंदार गेला.

असे मी किती पाठवले, कोणास ठाऊक. त्या वेळी मला त्याचा अभिमान होता. कोणी विचारलं तर सांगायचो, अमेरिकेत गेलेली अर्धी पेठ माझ्या हातून गेली आहे.

मग डिजिटल कॅमेरे आले, घरोघरी प्रिंटर आले, आणि दुपारच्या वेळी स्टुडिओत नुसता पंखा फिरू लागला. आमच्या अमरावतीकडचाच एक इंजिनिअर हिंजवडीत नोकरीला होता. तो एकदा ओळखपत्राचा फोटो काढायला आला आणि म्हणाला, “काका, इथे रिकामे काय बसून राहिले? जगाला भारतातले चेहरे पाहिजेत. लावा की इंटरनेटवर.” त्यानं मला खातं उघडून दिलं. मी उत्साहानं पर्वतीवरून काढलेला सूर्यास्त पाठवला. तो परत आला. कारण दिलं होतं, सूर्यास्त पुरेसे आहेत. पर्वतीवरचा सूर्य आणि ब्राझीलमधला सूर्य एकच, असं तिथल्या तपासनिसानं मला कळवलं होतं. ही बातमी पेठेत सांगायची माझी हिंमत झाली नाही.

हळूहळू शिकलो. चहाच्या कपावर कंपनीचं नाव दिसलं, रिजेक्ट. मागच्या कॅलेंडरवर सराफाचं नाव, रिजेक्ट. माणूस असेल तर त्याची लेखी संमती हवी. चित्राच्या एका बाजूला मोकळी जागा सोडायची, कारण गिऱ्हाइकाला तिथे आपला मजकूर लिहायचा असतो. आणि प्रत्येक फोटोबरोबर शोधशब्द द्यायचे, म्हणजे कीवर्ड. गिऱ्हाईक काय टाइप करून शोधेल, ते आपण आधीच ओळखायचं. सगळ्यात अवघड होतं ते पुण्यात हसरा चेहरा मिळवणं. समोर रस्त्यापलीकडे, शकूताईंच्याच इमारतीत राहणाऱ्या बापटांना मी बसवलं आणि म्हणालो, “जरा हसा.”

“कशाबद्दल?”

“असंच, सहज.”

“सहज हसणाऱ्यांतला मी नाही,” बापट म्हणाले. तो फोटो मी ‘नाराज ग्राहक’ या शब्दाखाली चढवला, आणि तो धो धो खपला. बापटांना हे कळलं तेव्हा त्यांना आनंद झाला असावा. पण चेहऱ्यावरून समजायला मार्ग नव्हता.

मग माझ्या ध्यानात आलं, की जगाला भारतातली म्हातारी माणसं हवी आहेत, आणि पेठेत त्यांना काही तोटा नाही. मुलं मीच फोटो काढून पाठवली होती. आता मागे राहिलेल्या आईबापांचे फोटो काढू लागलो. ही गोष्ट मला तेव्हा नुसती सोयीची वाटली. आता वाटते तशी वाटली नाही.

शकूताई माझ्या सगळ्यात चांगल्या मॉडेल. नवरा लवकर गेलेला. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त. जन्मभर दुसऱ्यांचे ट्रंककॉल जोडून दिले आणि आता स्वतःच्या फोनसमोर बसायच्या. मंदार रविवारी संध्याकाळी सहाला फोन करायचा. आधी दर रविवारी, मग महिन्यातून एखादा. यायचा मात्र नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा होता. बाहेर पडलो आणि पुन्हा आत घेतलं नाही तर, अशी त्याला धास्ती. शकूताईंचं मागणं मोठं नव्हतं. त्यानं एकदा यावं, दार वाजवावं, चार दिवस राहावं, बस. आल्यागेल्याला त्या सांगायच्या, “रांग काय, रेशनलाही असायची. आम्ही मधूनच घरी येऊन भात टाकून जायचो.”

एकदा मी त्यांचा खिडकीपाशी, फोनजवळ बसलेला फोटो काढला. उजेड छान पडला होता. संगणकावर शोधशब्द घालत होतो आणि त्या शेजारी बसून चष्मा लावून वाचत होत्या.

“हे ‘लोनली’ कशाला घातलंत?”

“गिऱ्हाईक तो शब्द शोधतं, शकूताई.”

“शोधू दे. पण मी त्यात एकटी कुठे दिसते? मी फोनची वाट बघतेय.” मी तो शब्द काढला आणि ‘वेटिंग’ घातलं. त्यांनी पुन्हा वाचून बघितलं आणि “हां, हे बरोबर,” म्हणाल्या.

तो फोटो कोणी घेतला, कशासाठी घेतला, मला कळलं नाही. ते कधीच कळत नाही. कळलं ते मंदारच्या फोनमुळे. एके सकाळी त्यानं थेट माझ्या दुकानात फोन केला. न्यू जर्सीतल्या ज्या भारतीय दुकानात तो डाळतांदूळ घ्यायचा, तिथे काउंटरच्या मागे एक भलं मोठं पोस्टर लागलं होतं. परदेशातून घरी बोलायची कार्डं विकणाऱ्या कोणा कंपनीचं. त्यावर त्याची आई फोनकडे बघत बसली होती आणि खाली रोमन अक्षरांत हिंदी, ‘आज माँ को फ़ोन किया?’

“काका, हा काय प्रकार आहे? माझे मित्र विचारतायत, ‘अरे, ही तुझी आई ना?’ दुकानदार मला बघून हसतो. प्लीज, आजच्या आज काढून टाका.”

मी त्याला धंद्याचा नियम समजावून सांगितला. मी माझ्या दुकानातून फोटो उचलू शकतो, पण ज्यानं घेतला त्याच्याकडून परत मागता येत नाही. पोस्टाच्या पेटीत टाकलेलं पत्र हात घालून काढता येत नाही, तसंच. मंदार म्हणाला, “काका, मी करतो हो फोन. जमतो तेव्हा करतो.”

मी घाबरतच शकूताईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, चिडणार. त्या म्हणाल्या, “दुकानात कुठे लावलंय?”

“काउंटरच्या मागे म्हणतो.”

“म्हणजे पैसे देताना समोर.”

“हो.”

“मग राहू दे. काढू नका.”

आणि फोन येऊ लागले. दर रविवारी, कधीकधी मधल्या वारीसुद्धा. मंदारच्या ओळखीच्या बायका दुकानात जायच्या आणि त्याला टोकायच्या, “आंटी बैठी है वहाँ, बात की क्या?” शकूताई मला हे रंगवून सांगायच्या आणि म्हणायच्या, “एक्स्चेंजमध्ये असताना एवढे कॉल मी कधी लावले नव्हते.” त्या दिवसांत त्या माझ्या दुकानावरून जाताना उगाचच थांबायच्या. माझ्या सगळ्या धंद्यात माझ्या हातून एवढं चांगलं काम दुसरं झालं नाही, असं मला वाटायचं.

पोस्टर काही कायमचं नसतं. पुढे त्या जागी कोणा नटीचं पोस्टर लागलं, आणि फोन पुन्हा विरळ झाले. मग एक दिवस शकूताई इस्त्रीची साडी नेसून स्टुडिओत आल्या.

“वानखडे, फोनच्या जाहिरातीनं फोन आला. बरोबर?”

“बरोबर.”

“मग आता विमानाच्या जाहिरातीचा फोटो काढा.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या मनात सगळं ठरलेलं होतं. आई दार उघडते, दारात मुलगा आहे, मुलगा दिसत नाही, दिसतो फक्त आईचा चेहरा. कोणीतरी विमान कंपनी तो घेईल आणि तिकडे लावील. मग मंदारला बघावाच लागेल. मी म्हणालो, कोण घेईल हे आपल्या हातात नसतं. त्या म्हणाल्या, “तुमच्या हातात काय असतं ते करा.”

त्यांच्या फ्लॅटच्या दारात, जिन्याच्या खिडकीतून दुपारचा उजेड येतो तेव्हा काढायचं ठरलं. मी बाहेर उभा राहून बेल वाजवणार, त्या आतून दार उघडणार. पहिल्या वेळी त्यांनी दार उघडलं ते वर्गणी मागायला आलेल्या पोरांना उघडावं तसं.

“हसा ना.”

“तुमचं तोंड बघून कशी हसू? तोंड झाका.”

मी कॅमेरा डोळ्याला लावूनच उभा राहिलो. तरी जमेना. मग त्या आत गेल्या आणि माळ्यावरून मंदारची कॉलेजची जुनी बॅग काढून आणली. ती माझ्या पायाशी ठेवायला लावली. “आणि बेल एकदा दाबून सोडू नका. तो लागोपाठ दोनदा दाबायचा. आई, आई, असं.”

मी दोनदा दाबली. आतून पावलं आली. पळत आली. दार उघडलं.

मी अनेक चेहरे काढले आहेत, पण तसा नाही. आधी त्यांनी बॅगेकडे पाहिलं. मग वर पाहिलं, आणि जे काय होतं ते सगळं एकदम चेहऱ्यावर आलं. कपाळ, डोळे, गाल, सगळंच हसत होतं. हात पुढे आला होता. मी इतका गडबडलो की मोकळी जागा सोडायची राहून गेली, बाजूला दाराची चौकटच आली. मजकूर लिहायला जागा नाही म्हणजे फोटो कोण घेणार? म्हणालो, “पुन्हा.”

त्या पुन्हा आत गेल्या. मी पुन्हा बेल वाजवली. पुन्हा तीच पावलं, तोच चेहरा. मग केसांची बट आडवी आली, पुन्हा. वरून कोणी उतरलं, पुन्हा. उजेड सरकला, पुन्हा. प्रत्येक वेळी त्या तितक्याच आनंदानं दार उघडत होत्या, रतीभरही कमी नाही. शेवटी मला हवा तसा मिळाला. मी म्हणालो, “झालं.” त्या दारातल्याच खुर्चीवर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “दमले हो. बॅग वर ठेवून द्याल?”

तो फोटो माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त चालला. घराला लावायच्या रंगावर, फराळाच्या पाकिटावर, कर्जाच्या पत्रकावर, सगळीकडे. बिबवेवाडीत एका नव्या गृहप्रकल्पाच्या होर्डिंगवर त्या पुरुषभर उंचीच्या लागल्या. तो बघायला मी त्यांना रिक्षानं घेऊन गेलो. त्या खाली उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, “फ्लॅट विकतायत होय. मला वाटलं, विमान असेल.” बापटांनीही तो बघितला. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “शकूताई, आम्ही वाटी परत करायला येतो तेव्हा आपण दार असं उघडत नाही.” शकूताई म्हणाल्या, “वाटीत काही घालून आणत जा.”

विमान कंपनीनं तो कधीच घेतला नाही. मंदार आला, तो ग्रीन कार्ड झालं म्हणून आला. शकूताईंनी मात्र सगळं श्रेय मला दिलं आणि बजावलं, “त्या दिवशी कॅमेरा घेऊन या. खोटा काढलात, आता खरा काढा.”

मुंबईहून त्याची टॅक्सी सकाळी आली. मी जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर कॅमेरा घेऊन तयार होतो. मंदार बॅगा ओढत वर आला. अंगानं सुटला होता आणि पुढचे केस गेले होते. त्यानं बेल दाबली. एकदाच. दार उघडलं.

शकूताईंनी त्याच्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग टकलाकडे, मग पायांकडे. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. मग म्हणाल्या, “बूट बाहेर काढ. आत्ताच फरशी पुसलीय.”

मंदार खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. मी फोटो काढले. सगळे तसलेच आले, वाकलेला माणूस आणि त्याच्या डोक्याकडे बघत असलेली कडक बाई.

तो काही दिवस राहिला. भलत्या वेळी झोपायचा, भलत्या वेळी जेवायचा. जाण्याआधी मला भेटून गेला, पोस्टरवरून चिडल्याबद्दल दोन शब्द बोलला. त्यानंतरच्या एका रविवारी संध्याकाळी शकूताई स्टुडिओत आल्या आणि म्हणाल्या, “दाखवा बघू, काय काढलंत.”

मी टाळत होतो. त्यांनी ऐकलं नाही. दाराचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावायला सांगितले, विकला गेलेला आणि हा. त्या पुष्कळ वेळ दोन्हींकडे बघत राहिल्या.

“त्या दिवशी मी तुमच्यासमोर कितीदा दार उघडलं हो?”

“पुष्कळदा.”

“त्याच्यासाठी एवढी वर्षं साठवून ठेवलेलं होतं, वानखडे. ते मी तुमच्या बेलवर सगळं खर्च केलं. तो आला तेव्हा आत बघितलं तर काही शिल्लकच नव्हतं. बूट तेवढे सुचले.”

त्या रडल्या नाहीत. हिशोब चुकलेला सापडावा तसं बोलल्या. मी तो फोटो पुन्हा पुन्हा काढायला लावला होता, कशासाठी, तर एका बाजूला जागा मोकळी राहावी म्हणून. मी म्हणालो, “शकूताई, हा फोटो मी आजच काढून टाकतो.”

“नको. आहे तो राहू दे. दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा बघेल.” मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ताडकन उठल्या. “अग बाई, सहा वाजत आले!”

त्यांनी मोबाइल कधी घेतला नाही, एक्स्चेंजमधल्या बाईला तो फोन वाटायचा नाही. मी म्हणालो, थांबा, रस्ता ओलांडून देतो. तोवर त्या पायरी उतरून निघाल्याही होत्या. चपलेचा अंगठा नीट अडकलेला नव्हता, तशाच फरपटत, एक हात वर करून त्या भर गर्दीच्या रस्त्यात शिरल्या. एका स्कूटरवाल्यानं करकचून ब्रेक दाबला आणि ओरडला, “ओ आजी, मरायचंय का?”

शकूताई क्षणभर त्याच्याकडे वळल्या. मला दुकानाच्या दारातून त्यांचा चेहरा स्वच्छ दिसला, दार उघडतानाचा, तोच.

“इतक्यात नाही,” त्या म्हणाल्या, “मुलाचा फोन यायचाय!”